मारता शिस्टरचं ‘काय न्हाई होत’

तिचं खरं नाव मार्था. पन आमच्या गावाच्या जिभंवर ते कधी बसलंच न्हाई, म्हनून ती मारता झाली. सुया टोचनारी बाई अन् नाव मारता! आमचे मालक तर तिच्या तोंडावर म्हनायचे, "मारता शिस्टर, मारा, पन हळू मारा." ती हसायची, अन् हे तिच्या हसन्याकडं बघूस्तवर सुई आत गेलेली असायची. मग कापूस दाबून म्हनायची, "झालं बाबा. काय न्हाई होत."

तसं तिचं बोलनं शुद्ध हुतं. नगरात वाढलेली, ख्रिस्ती घरातली, आई बी नर्सच हुती म्हनं. 'आहे', 'नाही' सगळं जागच्या जागी. पन हे तीन शब्द तेवढे आमच्या बोलीत. कुनाला विंचू चावला, काय न्हाई होत. कुनाची पहिलटकरीन भ्याली, काय न्हाई होत. दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या मानसाला आतून तेवढं ऐकू आलं का त्याचं निम्मं दुखनं जायचं. गाव तिला मागं 'काय-न्हाई-होत शिस्टर' म्हनायचं. तिला ठावं हुतं ते.

आमचं गाव तिसगावच्या अलीकडं. आमच्या घराला रस्त्याच्या अंगानं एक पत्र्याची खोली हाय, ती तिला दिल्ती. आली तव्हा एक लोखंडी खाट, एक पेटी, अन् येशूचा फोटू, एवढंच. नवरा पुन्याला दुसरी करून बसलेला. ते तिनं पहिल्याच दिशी सांगून टाकलं, मंजे गावाला शोधायला काय राहू ने. "विचारतील तर सांगा मावशी, लपवू नका," म्हनली. मी म्हनलं, "मी कशाला सांगू? तूच पारावर जाऊन सांग." तर खरंच जाऊन चार बायांत सांगून आली.

चालायची निस्ती तुरुतुरु. चपलांचा आवाज आला का आमची कोंबडी बाजूला व्हायची. चहा बशीतच प्यायची, पन त्याच्या आधी हात धुवायची ते पार कोपरापत्तोर. मालक म्हनायचे, "शिस्टर, चहा प्यायचाय का बाळंतपन करायचंय?" अन् पर्समधी कायम नेलकटर. बोलता बोलता समोरच्याचा हात धरायची अन् कटकट नखं कापायची. तुमी ऊस कसा हाय, सून कशी हाय सांगताय, अन् इकडं तुमची पाची बोटं साफ. लहान पोरी तर तिच्या मांडीत रडत रडत नखं कापून घ्यायच्या.

माझा उजवा हात बघितला तर दोन बोटं अर्धीच हायेत. कडबाकुट्टीत गेली. मालक रानात हुते. मला काय सुधरंना, मी हात वर धरून निस्ती हुबी. शिस्टर पळत आली, तिच्या अंगावरची ओढनी गुंडाळली हाताला, अन् टेम्पोत घालून मला नगरला नेलं. सगळ्या वाटंनं माझं डोकं तिच्या छातीशी, अन् वरून एकसारखं, "काय न्हाई होत मावशी, काय न्हाई होत." आता होत न्हाई कसं? झालं तर हुतं. बोटं कुट्टीतच राहिल्ती. मला बी ठावं हुतं, तिला बी ठावं हुतं. पन मी नगरपत्तोर टेम्पोवर न्हाई गेले, त्या तीन शब्दांवर गेले. मी रडले न्हाई. आमी जवानीत कोयता घिऊन फडावर गेलेली मानसं, रडायचं मंजे कामाचा खोळंबा. पन तिचा आवाज थांबला आस्ता तर मी रडले आस्ते.

मंग एक दिवस म्हनली, "मावशी, मी शिकायला चाललेय. पोस्ट बेसिक."

मी म्हनलं, "हितलं सोडून पोस्टात लागती का काय?"

लई हसली. मंग सांगितलं. ती नर्स हुती ती साध्या शिक्षनावर. आता त्याच्या वर दोन वरसं कॉलेज केलं का डिग्री मिळती, बीएस्सी का काय ते. डिग्री आसली का म्होरं सरकता येतं, न्हाईतर कालच्या आलेल्या पोरी वर जात्यात अन् ही हाय तिथंच. सरकारनं शिकायला रजा दिली. "आत्ता नाही तर परत नाही, मावशी. ही रजा एकदाच मिळते. नापास झाले की संपलं. तीच खुर्ची, तीच सुई, म्हातारी होईपर्यंत." केस पिकायला लागल्याले, डोळ्याला चष्मा, अन् कॉलेजात निघाली. रोज सकाळच्या यष्टीनं नगरला, संध्याकाळी मागारी. मालक तिला म्हनायचे, "आली का साळंतून? पाटी फुटली न्हाई ना?"

आमी दोघं बी साळंत कधी गेलो न्हाई, पन ते कॉलेज आमच्या वट्यावरच भरायचं म्हना. ती इंग्रजी घोकायची अन् मी शेंगा फोडायची. कधी म्हनायची, "मावशी, तुम्ही पेशंट व्हा."

"मला कुठं काय झालंय?"

"झालंय असं समजा. झोपा खाटेवर."

मी झोपायची. मंग ती दारातून आत यायची, जशी काय पहिल्यांदाच येती, हात जोडून म्हनायची, "नमस्कार. माझं नाव मार्था. आज मी तुमची काळजी घेणार आहे. मी तुमचा हात धरू का?"

मी उठूनच बसायची. "अगं बया, सकाळी माझ्याच चुलीवर चहा पिऊन गेली की तू! नाव काय सांगती मला?"

"मावशी, झोपा हो! मार्क आहेत त्याला."

मालक भिताडाला टेकून खोकंपत्तोर हसायचे. म्हनायचे, "हिचा हात धरायला मी बी कधी विचारलं न्हाई. मला आसतं का ह्यात काय मार्क?"

पन त्या कॉलेजानं तिच्यात बदल केला. आधी विचारायचं, मंग हात लावायचा, हे तिच्या आंगात भिनलं. पोरींना म्हनायला लागली, "नखं कापू का?" पोरी म्हनायच्या "न्हाई" अन् पळून जायच्या. ही नेलकटर घिऊन तिथंच बसलेली. गावातल्या पोरींची नखं वाढली त्या सालात. मी म्हनलं, "कशाला विचारती? धर अन् काप." तर म्हनली, "त्यांचा हात आहे मावशी. त्यांचा त्यांनी द्यायचा."

अन् एक दिवस यष्टीतून उतरली ती तोंड पाडून. चहा बी घेतला न्हाई. मंग सांगितलं. कॉलेजात परीक्षेसारखं कायतरी हुतं. खाटंवर एक पोरगी पेशंट म्हनून झोपवल्याली, तिला मोठं दुखनं हाय आसं समजायचं अन् तिच्यासंगं बोलायचं. पोरगी रडायचं सोंग करून म्हनली, "सिस्टर, माझं काय होईल?" अन् आमची शिस्टर सवयीनं बोलून गेली, "काय न्हाई होत."

मॅडमनी तिथंच थांबवलं. मॅडम लई तरनी, ह्या शिस्टरला लेकीसारखी शोभंल. पन बोलायला गोड हुती म्हनं. म्हनली, "मार्थाताई, हा खोटा दिलासा झाला. तुम्हाला माहीत आहे का काही होणार नाही म्हणून? तुम्ही असं म्हटलं की पेशंटचं तोंड बंद होतं. त्याला जे बोलायचं असतं ते आतच राहतं." अन् मार्क कापले.

"मग काय म्हनायचं?" मी इचारलं.

"विचारायचं. कसं वाटतंय, भीती वाटते का. आणि ऐकायचं."

"अन् ऐकून?"

ती म्हनली, "ऐकायचं, मावशी. तेवढंच."

तव्हापासनं तिला एक खोड लागली. ते तीन शब्द तोंडात आले का ओढनीचं टोक दातात धरायची. पार घट्ट. लांबून बघनाऱ्याला वाटावं बाई लाजती. मला ठावं, ती शब्द गिळती. ओढन्यांची टोकं सगळी चावून चावून दशा झाल्याली, मी वाळत घालताना बघायची.

त्याच साली मालकांच्या गालात आतून फोड आला. तंबाकूचा बार त्यांच्या गालात मी लगीन झाल्यापासनं बघितलेला. शिस्टरनं फोड बघितला, बॅटरी मारून, आधी विचारून. बॅटरी बंद केली अन् म्हनली, "बाबा, उद्या माझ्याबरोबर नगरला चला." मालक म्हनले, "काय न्हाई होत ना?" निस्तं गमतीनं. तिनं ओढनी दातात धरली. मी चुलीपाशी हुते. मला तिथंच कळलं.

नगरच्या मोठ्या दवाखान्यात तुकडा काढला, तपासला. पुन्याहून आमचं पोरगं येऊन गेलं, कंपनीत रजा न्हाई म्हनून परत गेलं. शेक दिले, लाईटीचे. गाल काळा पडला, अन् मंग भोक पडलं. डाक्टर कायबाय बोलले इंग्रजीतून, ती ऐकत हुती मान हालवत. भाईर आल्यावर म्या तिला कठड्यापाशी धरलं.

"काय म्हनले?"

ती म्हनली, "मावशी, तुम्हाला काय वाटतंय?"

मला आसा राग आला! "मला काय वाटायचं? मी आडानी बाई. मी तुला इचारती अन् तू मलाच इचारती?"

तिनं ओढनीचं टोक दातात धरलं. पार घट्ट. तिचे डोळे भरले. ती म्हनली आस्ती ना, काय न्हाई होत, तर मी इश्वास ठेवला नसता. पन घरी येस्तवर ते धरून बसायला झालं आस्तं. यष्टीत मी मोकळ्या हातानं बसले.

मालकांना घरी आनलं. डाक्टरनीच सांगितलं, आता घरीच करा. शिस्टरनं कॉलेजात त्यांनाच आपली केस म्हनून घेतलं. मंजे एक पेशंट धरायचा, त्याचं सगळं करायचं, कसं केलं ते मॅडमला सांगायचं, अन् शेवटाला मॅडम घरी येऊन परीक्षा घेनार. मालकांना कोन आनंद! तोंड निम्मं शिवल्यागत झाल्यालं, शब्द फुटायचे न्हाईत, मला अन् तिलाच काय ते कळायचे. तसल्यात म्हनायचे, "बघ, म्हातारपनी कॉलेजात गेलो."

रोज सकाळी यष्टीच्या आधी पट्टी बदलायची. त्या जखमंचा वास आसा का पोरगं येऊन दारातच थांबलं हुतं. ही नाकाला काय बांधायची न्हाई. म्हनायची, "बाबांना वाटेल मला किळस येते." अन् रोज, दर रोज इचारायची, "बाबा, पट्टी बदलू का?"

एका सकाळी मालक म्हनले, "नको."

मला वाटलं, आता करंल आपली तशीच. तर ती खाली बसली, भिताडाला टेकून. तिची यष्टी आली, हॉर्न मारून गेली. मी म्हनलं, "अगं, गाडी गेली तुझी." म्हनली, "जाऊ दे." मालक पत्र्याकडं बघत पडलेले. ऊन पार उंबऱ्याच्या आत आलं तव्हा त्यांनी आपनहून तोंड तिच्याकडं केलं. म्हनले, "बदल." मंग पट्टी झाल्यावर मला हाताच्या खुनंनं सांगितलं, हिला भाकर वाढ. त्या दुखन्यात त्यांचं कुनी ऐकलं आसंल तर ते तेवढंच. डाक्टरांनी न्हाई ऐकलं, पोरानं न्हाई, म्या तरी कुठं?

परीक्षेचा दिवस आला. सकाळीच मालकांच्या जखमंतून रगत आलं. थोडंच, पन उशी भिजली. तिनं दाबून थांबवलं. हात धुतले कोपरापत्तोर. मॅडमची गाडी यायच्या आधी मला म्हनली, "मावशी, आज जर का मी चुकले तर सगळं गेलं." मालक ऐकत हुते. त्यांनी मान हालवली, मंजे, काळजी करू नको.

मॅडम आली. चांगली हुती पोरगी. चपला भाईर काढल्या, माझ्या पाया पडली, खाटंपाशी खाली वाकून मालकांना नमस्कार केला. मंग हुबी राहिली कोपऱ्यात, शिस्टर काय करती ते बघत. शिस्टर म्होरं झाली. "नमस्कार बाबा. मी मार्था. पट्टी बघू का?"

मालकांनी तिचा हात धरला. अन् काय तरी बोलले. ते रगत बघितल्यापासनं त्यांचे डोळे येगळेच झाले हुते, ते मी सकाळपासनं बघत हुते.

मॅडमनी इचारलं, "काय म्हणतात ते?"

मला कळलं हुतं. शिस्टरला कळलं हुतं. ती खालमानेनं म्हनली, "मॅडम, ते म्हणतात... 'काय न्हाई होत' म्हण एकदा."

शब्द खोलीत बोलून झाले. पन ते मॅडमला सांगितलेले. मालकांना न्हाई. ते वाट बघत हुते तिच्या तोंडाकडं. मॅडम बी बघत हुती. मी चुलीपाशी हुबी, मनात म्हनत हुते, म्हन गं बाई, म्हन, जळो तुझी डिग्री. अन् दुसऱ्या मनात म्हनत हुते, नको म्हनू, तुझं सगळं जाईल. दोन्ही मनं माझीच.

तिनं ओढनी दातात धरली. मंग सोडली. मालकांचा हात दोन्ही हातांत घेतला अन् म्हनली, "बाबा, भीती वाटते का?"

मालकांनी तिच्याकडं लई येळ बघितलं. अन् मान हालवली. व्हय म्हनून.

मी त्यांच्यासंगं सगळा जनम काढला. फडावर रातच्याला बैलगाडी उलटली तव्हा, दुष्काळात जनावरं गेली तव्हा, ते मानूस मला भ्यालेलं कधी दिसलं न्हाई. अन् दिसलं ते आसं, परक्या पोरीच्या म्होरं. मॅडमच्या डोळ्यात पानी आलं. तिला बी वाटलं आसंल का, बघा, इचारलं म्हनून निघालं भाईर. निघालं खरं. पन आता ते निघालेलं कुठं ठेवायचं? मॅडम गाडीत बसून गेली. ते भय माझ्या घरात राहिलं, खाटंवर, माझ्या म्होरं, अन् मला त्याचं काय करावं ते कुनी शिकवलं नव्हतं.

गाडी गेल्याबरूबर शिस्टर पळतच आत आली. मालकांच्या खाटंपाशी गुडघ्यावर बसली अन् त्यांच्या कानाशी, "काय न्हाई होत बाबा, काय न्हाई होत, काय न्हाई होत," आसं कितींदा तरी. रडत हुती. मालकांनी हात जरासा उचलला, राहू दे म्हनून. मंग कष्टानं एक शब्द बोलले.

"पास?"

ती म्हनली, "हो बाबा. होईन पास."

त्यांनी डोळे मिटले. त्याच्यानंतर त्यांनी तिला ते म्हनायला परत सांगितलं न्हाई. पट्टीला रोज हू म्हनायचे. पंधरवड्याच्या आत गेले, दुपारी. मी अन् ती दोघीच हुतो. जाताना भ्याले का न्हाई, मला ठावं न्हाई. म्या इचारलं न्हाई. तिनं बी न्हाई. दोघींनी दोन हात धरले, तेवढंच.

ती पास झाली. चांगली पास झाली म्हनं. पेढे आनले, मालकांच्या फोटूम्होरं एक ठेवला, अन् फोटूला इचारलं, "बाबा, गोड चालेल का?" म्या हसले. लई दिवसांनी. मंग ऑर्डर आली, लांब, विदर्भाकडं कुठंतरी, मोठ्या दवाखान्यात. तिला तेच पायजे हुतं. म्या काय आडवायची?

तिला सोडायला मी तिसगावला यष्टीपत्तोर गेले. खाट, पेटी आधीच टेम्पोत गेल्ती. येशूचा फोटू तेवढा पिशवीत, काखंत. खिडकीपाशी बसली. मी खाली हुबी. गर्दीत एक फळवाला वरडत हुता. मी म्हनलं, "पोचली का फोन कर." ती म्हनली, "करते." मी म्हनलं, "तिकडं ऊन लई आसतं म्हन्त्यात." ती म्हनली, "हो."

कंडक्टर चढला. मंग तिनं खिडकीच्या गजांतून हात भाईर काढला. इचारलं, "धरू का?" म्या माझा हात दिला, अर्ध्या बोटांचा. ती त्या बोटांवरून अंगठा फिरवत राहिली. अन् हळूच म्हनली, "मावशी, एकटीला भीती वाटते का?"

मला आजपत्तोर हे कुनी इचारलं नव्हतं. आईनं न्हाई, मालकांनी न्हाई. लोकं इचारत्यात, जेवली का, पाऊस झाला का, पोरगं काय म्हन्तं. म्या म्हननार हुते, हाट, भ्यायला काय मी ल्हान हाय का? पन तोंडातून निघालं, "व्हय."

तिनं मान हालवली. यष्टीनं हिसका दिला. मी वर बघत हुते तिच्या तोंडाकडं, आता म्हनंल, आता म्हनंल. आता तर परीक्षा बी नव्हती, मॅडम बी नव्हती. गाडी हालली तसा हात सुटला. ती मागं वळून बघत हुती, पार वळनापत्तोर. ओढनीचं टोक दातातच हुतं.